सरबतातला बर्फ आणि माझा गुडघा

पायाला प्लास्टर घालून छताकडे बघत पडलेल्या माणसासाठी मी हे लिहिते आहे. तुमच्या उशाशी आत्ता बरेच लोक धीर देत बसले असतील. त्यांना एकच विचारा: प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून तुम्ही कधी विणकामाची सुई आत घातली आहे का? नाही म्हणाले तर चहा पाजून वाटेला लावा.

मी घातली होती. ती आतच राहिली आणि दहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा डॉक्टरांना सापडली. तिच्याविषयी पुढे सांगेन.

मी शालन. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी चोवीस वर्षांची होते, उंब्रजला शाळेत भूगोल शिकवत होते आणि कऱ्हाडच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळत होते. भूगोल गावाला चालत होता. कबड्डीबद्दल गावाचं म्हणणं होतं की खेळ वाईट नाही, पण चड्डी वाईट आहे.

त्या दिवशी

सांगलीत महिलांचे सामने होते, अंतिम सामना आमचा. वेळ चारची. आम्ही साडेतीनला मैदानाला फेऱ्या मारल्या, हातपाय मोकळे केले, घाम काढला. मग कळलं की प्रमुख पाहुणे अजून निघालेले नाहीत. आम्हाला व्यासपीठासमोर रांगेत उभं केलं. पाहुणे सहाला आले. त्यानंतर पाच भाषणं झाली. त्यांतल्या तिघांनी जिजाऊंचं नाव घेतलं आणि एकानेही आमच्या संघाचं नाव बरोबर घेतलं नाही. तोपर्यंत आमचे पाय थंडगार पडले होते. थंड पायांनी पळू नये, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. सांगितलं असतं तरी पाहुण्यांपेक्षा पाय मोठे कोण मानणार?

माझी तिसरी चढाई. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला. मी मध्यरेषेकडे वळले. मी वळले, पाय वळला नाही. ओल्या उसाचं कांडं गुडघ्यावर घेऊन मोडावं तसा आवाज माझ्याच गुडघ्यातून आला. तरी पडता पडता मी हात रेषेला लावला. पंचांनी गुण दिला. मला अजून अभिमान आहे त्या गुणाचा, आणि अजून राग येतो.

मग ध्वनिक्षेपकावरून कोणीतरी ओरडलं, "जखमी रणरागिणीचा सत्कार आत्ताच व्हावा, अशी पाहुण्यांची इच्छा आहे!"

आमच्या भागात हे असंच आहे. कोणी जिंकलं की शाल, कोणी निवृत्त झालं की शाल, कोणी पडलं की शाल. दोन स्वयंसेवकांनी मला काखेत हात घालून उचललं आणि व्यासपीठाच्या सात पायऱ्या चढवल्या. सातही पायऱ्या माझ्या लक्षात आहेत. सत्कार उभं राहूनच घ्यायचा असतो, म्हणून मी उभी राहिले. शाल आली, नारळ आला, हार आला. छायाचित्रकाराचा दिवा उडाला नाही, म्हणून तो म्हणाला, "पुन्हा एकदा." मी पुन्हा एकदा उभी राहिले.

खुर्चीत बसवल्यावर मला लिंबाचं सरबत दिलं. व्यासपीठाखाली भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी होती, पाहुण्यांच्या सरबतासाठी सांगलीच्या कारखान्यातून आणलेली. माझ्या पेल्यात तिचे दोन खडे तरंगत होते. पेला आणि गुडघा यांत दीड हाताचं अंतर होतं. त्या मैदानावर हजारभर माणसं असतील. सुजणाऱ्या गुडघ्यावर बर्फ ठेवायचा असतो, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

मलाही नव्हतं. मी तो चघळून खाल्ला.

कापणारा आणि चोळणारा

घरी आणलं तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांनी, तात्यांना बोलावून ठेवलं होतं. तात्या हाडं बसवायचे. माणसांची आणि बैलांची, आणि दोघांशी सारख्याच मायेने बोलायचे. त्यांनी हळद घातलेलं कडकडीत तेल घेतलं आणि गुडघा चोळला. मग घोटा धरून ओढला. मग पुन्हा चोळला. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. मी नको म्हणाले नाही. भूगोलाची पदवी असलेली बाई मी, पुस्तकं वाचणारी. पण दुखणाऱ्या माणसाला कोणीतरी हात लावतंय हेच एवढं बरं वाटतं की अक्कल बाजूला जाऊन बसते. हा दोष तात्यांच्या इतकाच माझाही.

चौथ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा झाला. सांगलीला एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई घालून आतलं रक्त काढलं, पेलाभर निघालं. म्हणाले, "आतला एक बंध तुटलाय. ते झालंच होतं. पण रक्तस्राव चोळून चोळून वाढवलात तुम्ही." आबा त्या दिवशी दाराशी काढलेल्या चपला परत घालायला विसरले आणि अनवाणी बसस्थानकापर्यंत गेले.

जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि मला दोन आठवडे तिथेच ठेवलं. पहाटे पाचला ताप बघायचे. पाय मोडलेल्या बाईचा ताप पहाटे पाचलाच का बघतात, हे मी तीन परिचारिकांना विचारलं. तिघींनी ताप बघितला.

शेजारच्या खाटेवर कवठे महांकाळकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. विहिरीच्या पायरीवरून घसरून खुबा मोडलेला.

"तुजा कशानं मोडला गं?"

"हुतूतू खेळताना, आजी."

त्यांनी माझं प्लास्टर नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "कामात मोडला आसता तर सांगायला बरं दिसलं आसतं."

पण भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्याकडे मयताला आल्यासारखं बघायला लागला, तेव्हा त्याच आपल्या खाटेवरून ओरडल्या, "आरं, पोरगी पडलीया, मेली न्हाई! जरा चांगल्या तोंडानं बसा!" आणि त्यांच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दोन आठवडे आम्ही वाटून खाल्ली. दवाखान्यातली मला आठवणारी चांगली गोष्ट एवढीच, पण ती चांगली होती.

दहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. लोक निदानाच्या दिवसाला घाबरतात. माझा तो दिवस हा होता. आतून जे निघालं ते माझ्या ओळखीचं नव्हतं. वहिनीच्या मनगटापेक्षा थोडी जाड अशी एक काठी, तिच्यावर खवलं, मध्ये एक गाठ. आणि विणकामाची सुई.

"ही कोणाची?" डॉक्टर म्हणाले.

"माझ्या आईची," मी म्हणाले. "तिला परत हवी आहे."

त्यांनी गुडघा वाकवून बघितला. दोन बोटं वाकला आणि दाराला अडसर लावल्यासारखा थांबला. त्यांनी हात धुतले आणि आबांना सांगितलं, माझ्याकडे न बघता. "आता साधारण एवढाच वाकेल. चालता येईल, ते काही कमी नाही. खुर्चीची सवय लावा. खेळबीळ संपलं."

ते वाईट डॉक्टर नव्हते. त्यांचं काम झालं होतं. आमच्या भागात त्या काळी मोडलेल्या खेळाडूसाठी दोन माणसं होती, एक कापणारा आणि एक चोळणारा. प्लास्टर निघाल्यापासून पुन्हा पळेपर्यंतच्या दिवसांचा मालक कोणीच नव्हता.

कायमची प्रमुख पाहुणी

आमच्या घरात एकच खुर्ची होती. लोखंडी, घडीची, तलाठी आले की उघडायची. आता ती माझ्यासाठी उघडली. घरातले सगळे जमिनीवर ताटाला बसायचे आणि मी वर, पाय समोर ताठ ठेवून, ताट स्टुलावर घेऊन. मी आमच्या घरातली कायमची प्रमुख पाहुणी झाले. फक्त हार नव्हता.

आजाराबद्दल लिहिणारे लोक मनोधैर्याबद्दल लिहितात. मी परसाकडे जाण्याबद्दल लिहिते, कारण माझं रडणं तिथे झालं. गुडघा वाकत नाही म्हणजे उकिडवं बसता येत नाही, आणि उकिडवं बसता येत नाही म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्याला सांगावं लागत नाही. वहिनीने, माझ्या भावाच्या बायकोने, कोणाला न विचारता सुताराकडच्या एका जुन्या खुर्चीच्या बैठकीला मधोमध भोक पाडून घेतलं आणि ती परसात नेऊन ठेवली. सुताराने विचारलं, कशाला? ती म्हणाली, "कुंडी ठेवायला." त्याने कौतुकाने कडा घासून गुळगुळीत करून दिल्या. देव त्याचं भलं करो.

दादा सैन्यात होता, सरहद्दीवर. त्याला आबांनी पत्रात लिहिलं, शालनचा पाय बरा झाला. मी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, झालेला नाही.

मी त्याच आठवड्यात ठरवलं. खेळायचं की नाही, ते नंतर बघू. मी या घरात जमिनीवर मांडी घालून जेवणार. तोपर्यंत कोणी मला 'बरी झाली' म्हणायचं नाही. आईने हे ऐकलं आणि डोळे पुसले. वहिनीने ऐकलं आणि म्हणाली, "वन्सं, माज्या मामाला बोलवू का?"

थैलीवाला

वहिनीचा मामा पलीकडच्या गावचा, निवृत्त हवालदार. पुण्याच्या लष्करी इस्पितळात कसरतीच्या विभागात अर्दली म्हणून त्याची बरीच वर्षं गेली होती. विमानातून उड्या मारून पाय मोडून घेतलेले जवान तिथे यायचे आणि पुन्हा उड्या मारायला जायचे. शिवाय पलटणीच्या हॉकी संघाबरोबर तो मलमपट्टीची थैली घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहायचा.

तो सायकलवरून आला. टोपी काढून खांबाला टेकून बसला, माझ्यापासून चांगला चार हात लांब.

"दाव," म्हणाला.

मी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. आई दारात येऊन उभी राहिली. आबा ओसरीवर खाकरले.

मामा हसला. "आवं पावणं, घाबरू नगा. म्या हात लावायचाच न्हाई."

"मग बरा कसा करणार?" मी विचारलं.

"म्या कुटं करनार हाय? मांडी तुजी. तीनशे जवान बगितलं, पोरी. ज्यास्नी चोळून घ्यायची सवय लागली ती लंगडी ऱ्हायली. ज्यास्नी म्या शिव्या दिल्या ती पळाली."

आता विचार केला की वाटतं, तो पुरुष होता आणि मी अविवाहित बाई होते, हे माझं नशीब. घरात परक्या पुरुषाने मुलीच्या पायाला हात लावायचा नाही, या आमच्या रीतीमुळे माझ्या गुडघ्याला पहिल्यांदाच कोणी हात लावला नाही. जे करायचं ते मलाच करावं लागलं. तो बोलायचा, वहिनी मोजायची, मी करायची.

पहिला महिना फक्त मांडीचा स्नायू आवळायचा. "झोपलाय त्यो. हाक मार." मी पायाकडे बघून जोर लावायची आणि काहीच व्हायचं नाही. शंभर हाका. नवव्या दिवशी कातडीखाली काहीतरी हललं. वहिनी ओरडली, "हाललं!" आणि तिने कडेवरच्या लेकराला टाळ्या वाजवायला लावल्या.

मग टाचेखाली पितळी ताटली ठेवून ती फरशीवरून मागे ओढायची. जिथवर टाच येईल तिथे वहिनी गेरूची रेघ मारायची. रोज एक रेघ. कधी रेघ पुढे सरकायची, कधी कालच्याच रेघेवर यायची, कधी मागे. मी शाळेत मुलांना नकाशातल्या समोच्च रेषा शिकवायची, त्या घरी माझ्या फरशीवर उतरल्या होत्या.

मग वजन. दादाच्या जुन्या खाकी पँटचा एक पाय कापून वहिनीने पिशवी शिवली, तीत ज्वारी भरली आणि माझ्या घोट्याला बांधली. दर सोमवारी एक मूठ जास्त. मांडी किती भरली ते सुतळीने मोजायचं आणि सुतळीला गाठ मारायची. आणि प्रत्येक वेळी कसरत संपली की मातीच्या मडक्यातलं गार पाणी फडक्याने गुडघ्यावर. उंब्रजला रोज बर्फ कुठला.

"सुजल्या सुजल्या गार," मामा म्हणायचा. "तेल बैलगाडीच्या आसाला."

मी त्याला सरबताची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. खिशातून पाकीट काढलं, त्यातून घडी पडलेला एक फोटो. पलटणीचा संघ, मध्ये चषक, मागे साहेब लोक, पुढे साहेबांचा कुत्रा. "ह्यो कप ज्या साली जिंकला त्या साली चार गडी म्या हुभं केलं हुतं."

"तुम्ही कुठे आहात यात?"

त्याने फोटोच्या अगदी उजव्या कडेवर नख ठेवलं. तिथे खाकी बाहीत एक कोपर होतं.

"कुत्रं अख्खं आलंय," मी म्हणाले.

"त्ये साहेबाचं हुतं," मामा म्हणाला.

दोन माणसं

तिसऱ्या महिन्यात रेघ अडली. बारा दिवस एकाच जागी. शाळेत माझ्या जागी दुसऱ्या बाईंना घेतल्याचं कळलं. आई रोज मुक्याने भांडी आपटायची. आबांचा धीर सुटला आणि एका सकाळी ते तात्यांना घेऊन आले. तात्यांबरोबर दोन धिप्पाड गडी होते.

तात्या समजुतीने म्हणाले, "पोरी, ह्ये रेघोट्या मारून काय हुनार न्हाई. आत जाळं धरलंय. एकदाच कडकन मोडायचं. घटकाभराचं काम. वराडशील, पर सुटशील."

मी खुर्चीत बसले होते. उठून पळता येत नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं. मला खरी भीती वाटली. दवाखान्यात वाटली नव्हती एवढी. कारण आबा त्यांच्या बाजूला उभे होते, आणि आबांना मी तोवर कधी उलट बोलले नव्हते.

"ही दोघं कशाला?" मी विचारलं.

"धरायला."

"मला धरायला दोन? सांगलीत सात लागायच्या, तात्या."

त्यांतला एक गडी फिसकन हसला. आबा म्हणाले, "शाले, त्वांड आवर."

"आबा, पहिल्यांदा मी काही बोलले नव्हते. पेलाभर रक्त निघालं, तुम्ही बघितलंत. तुम्ही चपला विसरून गेला होता त्या दिवशी, मला आठवतंय. या पायाला आता माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. लावायचा असेल तर आधी मला या खुर्चीतून उचला, आणि मी या दोघांना चावल्याशिवाय उचलू देणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी आली. हातात लाटणं होतं. पोळ्या लाटत होती म्हणून होतं, की मुद्दाम उचलून आणलं, हे मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही.

"तात्या, च्या घेता न्हवं?" ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग फरशीवरच्या रेघांकडे बघितलं. खाली वाकून त्यांनी पहिली रेघ आणि शेवटची रेघ यांत किती अंतर आहे ते वितीने मोजलं. दीड वीत भरलं.

"च्या घ्या तात्या," ते म्हणाले. "आन् मग जावा."

संध्याकाळी मामा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बारा दिस आडली म्हंजी दमलीस. तीन दिस काय करू नगंस." मी तीन दिवस काही केलं नाही. चौथ्या दिवशी रेघ दोन बोटं पुढे गेली. असं होतं हे कोणीतरी आधी सांगितलं असतं तर मी ते बारा दिवस एवढी रडले नसते. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

सातव्या महिन्यात, एका साध्या मंगळवारी, मी खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि ताटासमोर बसले. उजवा पाय घडी, डावा पाय हाताने ओढून त्याच्यावर. कुरकुरला, पण राहिला. आबांनी आपल्या ताटातली भाजी माझ्या ताटात वाढली. ती शेपूची होती, मला आवडत नाही. मी सगळी खाल्ली.

पुन्हा मैदान

पुन्हा खेळलात का, असं सगळे विचारतात. खेळले. सव्वा वर्षाने. त्याआधी मामाने मला नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढउतार करायला लावल्या, एका पायावर उड्या मारायला लावल्या, इंग्रजी आठच्या आकड्यात पळायला लावलं. मग एका सामन्यात सोडलं. दोन चढाया बऱ्या गेल्या. तिसरीत वळताना गुडघा किंचित सरकला, कोणाला दिसलंही नाही. मामाला दिसलं. तो कडेला उभा राहून दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून ओरडला, "भायेर!"

मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. आमचा संघ दोन गुणांनी हरला. मी खेळले असते तर जिंकलो असतो, असं मला अजून वाटतं. त्यानंतर मी सामना खेळले नाही. तुटलेला बंध तुटलेलाच होता, कसरतीने त्याची राखण होते, तो सांधत नाही. हे पचायला मला गुडघा वाकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण त्या संध्याकाळी मी चालत घरी गेले आणि मांडी घालून जेवले.

मामाने पुढच्या वर्षी थैली माझ्याकडे दिली. "मला आता सायकल झेपत न्हाई," म्हणाला. खाकी कापडाची थैली: पट्ट्या, कात्री, कापूस, बर्फाला गुंडाळायला गोणपाट. मी मंडळाच्या मुलींबरोबर जायला लागले. या कामाला आमच्याकडे नाव नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत मला कधी 'सहायिका' म्हणायचे, कधी 'पालक', एकदा 'पाणी व्यवस्था'.

तीन वर्षांनी सांगलीला तेच मैदान, तसेच सामने. पाहुणे वेगळे, भाषण तेच. पाहुण्यांना उशीर होता म्हणून मी आमच्या मुलींना रांगेतून काढलं आणि मैदानामागे पळत ठेवलं. संयोजक रागावले. रागावू दिलं.

तरीही झालं. मंगल नावाची आमची मुलगी, अठरा वर्षांची, मध्यरेषेवर वळली आणि पडली. मी तो आवाज ओळखला. मी धावले. हो, धावले. तिथेच मातीत मांडी घातली, तिची टाच माझ्या मांडीवर घेतली आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना हात धरले.

ध्वनिक्षेपक खरखरला. "जखमी रणरागिणीचा सत्कार..."

दोन स्वयंसेवक आले. "ताई, उचलायचं. पाहुणे वर वाट बघतायत."

"हात लावू नका तिला."

"आवं, सत्कार हाय तिचा!"

"मग त्यांना खाली पाठवा. त्यांचे पाय चांगले आहेत."

"आसं कसं चालंल, ताई?"

"चालेल. आणि व्यासपीठाखाली बर्फ असेल, भुशात. तो आणा."

ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "त्यो सरबताचा हाय."

"माहीत आहे मला कशाचा आहे. पाहुणे कोमट पितील."

ते हलले नाहीत. आमच्याच दोन मुली गेल्या आणि घमेलंभर बर्फ फोडून घेऊन आल्या. मी तो गोणपाटात गुंडाळून मंगलच्या गुडघ्यावर ठेवला. मंगल दात आवळून म्हणाली, "बाई, माझं संपलं का आता?"

"ते आज ठरत नाही," मी म्हणाले. "ठरवायला मला एक वर्ष दे. आणि कोणी तेल घेऊन आलं तर चावायचं."

एवढ्यात गर्दी बाजूला झाली. पाहुणे खरंच खाली आले होते. पांढरंशुभ्र धोतर सावरत मातीत ओणवे झाले आणि मंगलच्या अंगावर शाल घातली. नारळ कुठे द्यावा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. छायाचित्रकाराचा दिवा पहिल्याच वेळी उडाला.

त्या फोटोची एक प्रत मंडळाने मंगलला दिली, तिच्याकडून मी घेतली आणि मामाला दाखवायला नेली. तो आता खाटेवरच असायचा, नजर अधू झालेली. मध्ये पाहुणे, शाल, मंगल, मागे बरेच हसरे संयोजक. मामाने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"तुजं कोपार बी आलं न्हाई गं."

"कोपर नाही मामा. डाव्या कडेला बघा. गुडघा आलाय माझा."

त्याने फोटोच्या डाव्या कडेवर नख ठेवलं.

"वाकलाय?"

"पुरता."

"मग ठीक हाय," मामा म्हणाला, आणि तो फोटो त्याने मला परत दिला नाही.